एड्सखर डाइक्स्ट्रा

एड्सखर वीबे डाइक्स्ट्रा (जन्म : रॉटरडॅम, ११ मे १९३०, मृत्यू : न्यूनेन, ६ ऑगस्ट २००२) हे नेदरलँड्समधील संगणकशास्त्रज्ञ होते. आलेखातील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधणारा त्यांचा अल्गोरिदम जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकवला जातो. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांनी सामायिक साधने एकमेकींत गोंधळ न होऊ देता कशी वापरावीत, या प्रश्नाची नेमकी मांडणी त्यांनी केली आणि त्याचे पहिले सर्वसाधारण उत्तरही त्यांनीच दिले. सेमाफोर ही संकल्पना, रचनाबद्ध प्रोग्रॅमिंगचा पुरस्कार आणि प्रोग्रॅमची अचूकता गणिताने सिद्ध करण्याचा आग्रह यांसाठीही ते ओळखले जातात. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

बालपण आणि शिक्षण

डाइक्स्ट्रा यांचे वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते व त्यांनी डच रसायनशास्त्र संस्थेचे अध्यक्षपदही भूषवले. आई गणितज्ञ होती. मात्र तिने कधी नोकरी केली नाही. गणितातील नीटसपणाची आवड आपल्याला आईकडून मिळाली, असे डाइक्स्ट्रा मानत. चार भावंडांत ते तिसरे. त्यांच्या दहाव्या वाढदिवसानंतर तीनच दिवसांनी, १४ मे १९४० रोजी, जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बाँबफेक केली आणि शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. त्यांचे शालेय शिक्षण या शहरातील इरॅस्मियानम या जुन्या शाळेत झाले. कायद्याचे शिक्षण घेऊन संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करावे असा त्यांचा प्रारंभी विचार होता. शालान्त परीक्षेतील विज्ञान विषयांचे गुण पाहून १९४८ साली त्यांनी लायडन विद्यापीठात गणित व भौतिकशास्त्र यांसाठी प्रवेश घेतला आणि पुढे सैद्धान्तिक भौतिकी हा विषय निवडला.

१९५१ साली वडिलांच्या प्रोत्साहनाने त्यांनी केंब्रिज येथे तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग केला. हा वर्ग मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅक या संगणकावर आधारित होता. याच वर्गामुळे ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रातील आद्रियान फान वाइनखार्डन यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. मार्च १९५२ पासून डाइक्स्ट्रा या केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून अर्धवेळ काम करू लागले. या पदावर नेमले गेलेले ते नेदरलँड्समधील पहिले गृहस्थ मानले जातात.

प्रोग्रॅमरचा पेशा

त्या काळी प्रोग्रॅमिंग हा स्वतंत्र पेशा समजला जात नसे. भौतिकशास्त्रज्ञ व्हावे की प्रोग्रॅमर, या प्रश्नाने डाइक्स्ट्रा यांना काही वर्षे सतावले. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे निश्चित ज्ञान नाही, अशा विषयाला आयुष्य द्यावे का, ही त्यांची शंका होती. ती त्यांनी फान वाइनखार्डन यांच्यापुढे मांडली. संगणक आता जाणार नाहीत, विषय नुकताच सुरू होत आहे आणि त्याला प्रतिष्ठेचे शास्त्र बनवणाऱ्यांमध्ये डाइक्स्ट्राही असू शकतील, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. त्यानंतर त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी लवकरात लवकर पूर्ण केली आणि प्रोग्रॅमिंगलाच वाहून घेतले.

१९५७ साली त्यांचा विवाह मारिया (रिया) डेबेट्स यांच्याशी झाला. विवाहाच्या नोंदणीत त्यांनी आपला व्यवसाय प्रोग्रॅमर असा लिहिला असता असा व्यवसायच अस्तित्वात नाही म्हणून ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने तो स्वीकारला नाही; अखेर तेथे सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली. या दाम्पत्याला तीन अपत्ये झाली.

लघुतम मार्गाचा अल्गोरिदम

गणित केंद्राच्या आरमॅक या नव्या संगणकाच्या उद्‌घाटनासाठी, गणित न जाणणाऱ्या पाहुण्यांनाही समजेल असे एक उदाहरण हवे होते. डाइक्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधील ६४ शहरांचा नकाशा घेतला आणि कोणत्याही दोन शहरांमधील सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याचा प्रश्न निवडला. १९५६ साली रिया यांच्यासोबत खरेदीला गेले असता एका कॅफेच्या गच्चीवर बसून सुमारे वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्यांनी त्याची रीत तयार केली. ती १९५९ साली तीन पानांच्या निबंधात प्रसिद्ध झाली. आज नकाशांवर मार्ग दाखवणाऱ्या सेवांमध्ये आणि इंटरनेटवरील माहितीच्या मार्गनिश्चितीत या रीतीची सुधारित रूपे वापरली जातात. कागद हाती नसल्यामुळे टाळता येण्याजोगी सारी गुंतागुंत टाळावीच लागली आणि म्हणूनच रीत इतकी सुटसुटीत झाली, असे त्यांचे मत होते.

एक्स-१ संगणक आणि इंटरप्ट

१९५० च्या दशकाच्या अखेरीस गणित केंद्रातील ब्राम लूपस्ट्रा व कारेल स्कोल्टन यांनी एक्स-१ या संगणकाची रचना केली. त्यात इंटरप्टची सोय होती. म्हणजे छपाईयंत्रासारखे बाह्य उपकरण आपले काम संपल्याचा इशारा देऊन चालू असलेला प्रोग्रॅम मध्येच थांबवू शकत असे. त्यामुळे मंद उपकरणाची वाट पाहण्यात संगणकाचा वेळ फुकट जात नसे.

डाइक्स्ट्रा यांना मात्र या सोयीने चिंतेत टाकले. तोवर संगणक नेहमी ठरलेल्या क्रमाने चालत असे; चूक झाली तर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवून ती पुन्हा पाहता येई. इंटरप्ट कोणत्या दोन आज्ञांच्या मध्ये येईल हे सांगता येत नव्हते. एखादी चूक दिवसातून एकदा, तीही विशिष्ट क्षणीच घडेल आणि शोधायला गेल्यास सापडणार नाही, असा धोका निर्माण झाला. चाचण्यांच्या बळावर असा प्रोग्रॅम निर्दोष ठरवता येणार नाही. तो कोणत्याही क्रमाने चालला तरी बरोबरच चालेल हे विचारानेच पटवून घ्यावे लागेल, हा निष्कर्ष त्यांनी येथे काढला. एक्स-१ साठी त्यांनी लिहिलेली इंटरप्ट हाताळणारी व्यवस्था हा त्यांच्या प्रबंधाचा भाग झाला. या प्रबंधावर १९५९ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

याच संगणकासाठी त्यांनी याप झोनेव्हेल्ड यांच्यासह अल्गॉल ६० या भाषेचा कंपायलर लिहिला. तो ऑगस्ट १९६० मध्ये पूर्ण झाला आणि त्या भाषेच्या अगदी पहिल्या कंपायलरांपैकी एक ठरला. काम पूर्ण होईपर्यंत दाढी न करण्याचे दोघांनी ठरवले होते. झोनेव्हेल्ड यांनी ती नंतर काढली; डाइक्स्ट्रा यांची दाढी अखेरपर्यंत राहिली.

परस्परवर्जनाचा प्रश्न

दोन प्रक्रिया एकच सामायिक चल वापरतात तेव्हा काय बिघडू शकते, हे आरक्षणाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाडीत एकच आसन शिल्लक आहे असे समजू. पहिली प्रक्रिया शिल्लक आसनांची संख्या वाचते; तिला १ दिसते. तिने ती शून्य करण्याआधीच दुसरी प्रक्रिया तीच संख्या वाचते. तिलाही १ दिसते. दोघीही तिकीट देतात व दोघीही शून्य लिहितात. प्रत्येक प्रक्रिया स्वतःपुरती बरोबर आहे, तरीही एका आसनाची दोन तिकिटे दिली जातात. वाचणे, कमी करणे आणि लिहिणे या तीन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्याला शिरता येते, हे याचे कारण. निकाल कोणती पायरी आधी घडली यावर अवलंबून असल्याने या दोषाला रेस कंडिशन असे म्हणतात.

यावर उपाय म्हणजे प्रोग्रॅमचा जो भाग सामायिक चल हाताळतो त्यात एका वेळी एकाच प्रक्रियेला प्रवेश देणे. या भागाला क्रिटिकल सेक्शन आणि या अटीला परस्परवर्जन म्हणतात. वरवर सोपी दिसणारी ही अट पाळणे अवघड असते. दाराशी आत कोणी आहे का हे पाहणे आणि मी आत आलो अशी खूण लावणे या दोन वेगळ्या क्रिया असल्या, तर त्यांच्याही मध्ये दुसरा शिरू शकतो.

डाइक्स्ट्रा यांनी हा प्रश्न सहकाऱ्यांपुढे कोड्यासारखा ठेवला. स्मृतीतील एक शब्द वाचणे किंवा लिहिणे एवढीच क्रिया अविभाज्य आहे, असे त्यांनी गृहीत धरले. प्रक्रियांच्या सापेक्ष वेगाविषयी काहीही गृहीत धरायचे नव्हते. क्रिटिकल सेक्शनच्या बाहेर थांबलेल्या प्रक्रियेने इतरांना अडवता कामा नये आणि सगळ्यांनीच एकमेकांना आधी तुम्ही म्हणत अनंतकाळ दाराशी तिष्ठत राहू नये, अशाही अटी होत्या. दोन प्रक्रियांसाठीचे पहिले योग्य उत्तर डच गणितज्ञ डेकर यांनी शोधले. त्यात प्रत्येक प्रक्रिया प्रवेशाच्या इच्छेचा स्वतंत्र ध्वज उभारते आणि दोघींचे ध्वज एकदम वर असतील तर पाळी कोणाची हे तिसरे चल ठरवते. कितीही प्रक्रियांना लागू पडणारे उत्तर डाइक्स्ट्रा यांनी दिले. ते सप्टेंबर १९६५ मध्ये जेमतेम एका पानाच्या निबंधात प्रसिद्ध झाले. हा निबंध समांतर व वितरित संगणनशास्त्राच्या आरंभीच्या मूलभूत लेखनात गणला जातो.

या उत्तरातही एक उणीव होती. कोणी ना कोणी आत जाईलच याची हमी त्यात होती, पण एखादी विशिष्ट प्रक्रिया मात्र कायम मागे राहू शकत होती. १९६६ साली डोनाल्ड कनूथ यांनी ही उणीव दाखवून सुधारित रीत मांडली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७४ मध्ये दुकानातील क्रमांकाच्या चिठ्ठीसारखी आणि गॅरी पीटरसन यांनी १९८१ मध्ये दोन प्रक्रियांसाठी अतिशय आटोपशीर अशी रीत दिली.

सेमाफोर

वाचणे आणि लिहिणे एवढ्यावरच उभ्या असलेल्या रीती क्लिष्ट होत्या, शिवाय वाट पाहणारी प्रक्रिया सतत चल तपासत राहून प्रोसेसरचा वेळ खर्च करीत असे. १९६२-६३ च्या सुमारास डाइक्स्ट्रा यांनी यासाठी सेमाफोर ही संकल्पना मांडली. सेमाफोर हे एक पूर्णांक चल असून त्यावर दोनच क्रिया करता येतात. डच शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना पी आणि व्ही अशी नावे आहेत. पी क्रियेने संख्या एकने कमी होते. ती आधीच शून्य असेल तर प्रक्रियेला थांबवून रांगेत झोपवले जाते. व्ही क्रियेने संख्या एकने वाढते किंवा रांगेतील एका प्रक्रियेला जागे केले जाते. या दोन्ही क्रिया अविभाज्य असतात, म्हणजे त्या सुरू झाल्या की पूर्ण होईपर्यंत मध्ये कोणालाही शिरकाव नसतो. तपासणे आणि खूण लावणे यांतील फट त्यामुळे बुजते.

हे नाव रेल्वेच्या खांबावरील हलत्या आडव्या पट्टीच्या सिग्नलवरून घेतले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील सावर्डे हे कोकण रेल्वेवरील स्थानक या उपमेचा अर्थ समजण्यास उपयोगी पडते. चिपळूण आणि संगमेश्वर यांच्या दरम्यानच्या या भागात मार्ग एकेरी आहे. दोन स्थानकांमधील रूळ हे सामायिक साधन असून त्यावर एका वेळी एकच गाडी असावी लागते. समोरून गाडी येत असेल तर दुसरी गाडी स्थानकातील जादा मार्गिकेवर क्रॉसिंगसाठी थांबते. सिग्नल तांबडा असताना थांबणे ही पी क्रिया आणि पुढचा मार्ग मोकळा झाल्याची खूण मिळणे ही व्ही क्रिया होय. जुन्या एकेरी मार्गांवर चालकाच्या हाती धातूचा टोकन दिला जाई. दोन स्थानकांतील यंत्रे अशी जोडलेली असत की एक टोकन बाहेर असताना दुसरा निघतच नसे. संगणकातील ज्या सेमाफोरचे मूल्य शून्य किंवा एकच असते, तो या टोकनासारखाच वागतो.

टीएचई प्रणाली

१९६२ साली डाइक्स्ट्रा आइंडहोव्हन येथील तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे पाच सहकाऱ्यांसह त्यांनी एक्स-८ या संगणकासाठी बहुप्रक्रिया ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून ती टीएचई या नावाने ओळखली जाते. या संगणकाची मुख्य स्मृती २७ बिटांच्या ३२ हजार शब्दांची होती आणि तिला ड्रमची जोड होती. प्रणाली एकावर एक रचलेल्या थरांची होती. सर्वांत खालचा थर प्रोसेसरचा वेळ वाटून देई, त्यावरचे थर अनुक्रमे स्मृतीची पाने, चालकाशी संवाद आणि उपकरणांची देवघेव सांभाळत व त्यांच्यावर वापरकर्त्यांचे प्रोग्रॅम चालत. प्रत्येक थर केवळ आपल्या खालच्या थरांवर विसंबून असल्याने थरांची तपासणीही खालून वर एकेक करून करता आली. प्रक्रियांमधील सर्व समन्वय सेमाफोरच्या साहाय्याने साधला होता. या प्रणालीचा वृत्तान्त १९६७ साली एका परिषदेत मांडला गेला आणि १९६८ साली छापला गेला. चाचणीत केवळ किरकोळ लेखनचुका आढळल्या, असे त्यात नमूद आहे.

सामायिक साधने वाटताना होणाऱ्या कोंडीचाही, म्हणजे डेडलॉकचाही त्यांनी याच काळात अभ्यास केला. कर्ज देणारा सावकार आपली रोकड अडकू न देता किती उचल देऊ शकतो, या कल्पनेवरील त्यांची रीत बँकर्स अल्गोरिदम म्हणून परिचित आहे. १९६५ साली विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी त्यांनी पाच संगणक आणि पाच टेपयंत्रे यांचा एक प्रश्न तयार केला. टोनी होर यांनी त्याला गोल मेजाभोवती बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचे रूप दिले. प्रत्येकाला खाण्यासाठी दोन काटे लागतात, पण मेजावर एकूण पाचच काटे आहेत. सर्वांनी एकदम डावा काटा उचलला तर सगळेच उपाशी राहतात. हा प्रश्न आजही ऑपरेटिंग सिस्टिमच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो.

रचनाबद्ध प्रोग्रॅमिंग

आइंडहोव्हनच्या गणित विभागाला या कामाचे महत्त्व वाटले नाही आणि डाइक्स्ट्रा यांचा गट विखुरला. या काळात त्यांना नैराश्याने ग्रासले. त्यातून बाहेर पडताना त्यांनी रचनाबद्ध प्रोग्रॅमिंगवरील टिपणे लिहिली. ती हस्ते परहस्ते सर्वत्र पोचली आणि १९७२ साली ओले-योहान डाल व टोनी होर यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात समाविष्ट झाली. मार्च १९६८ मध्ये गो टू या आज्ञेच्या वापराविरुद्ध त्यांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले होते. त्याचे गाजलेले शीर्षक संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिले होते. प्रोग्रॅमचा मजकूर आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल यांतील अंतर कमी असावे, तरच वाचणाऱ्याला त्याविषयी विचार करता येतो, हा त्या पत्राचा गाभा होता. प्रक्रियांच्या समन्वयाविषयीच्या त्यांच्या भूमिकेशी तो सुसंगत आहे. १९७६ साली त्यांचे प्रोग्रॅमिंगच्या शिस्तीवरील पुस्तक निघाले. प्रोग्रॅम आणि त्याच्या अचूकतेची सिद्धता हातात हात घालून कशा घडवाव्यात, हे त्यात दाखवले आहे.

बरोज आणि ऑस्टिन

१९७३ साली ते बरोज या संगणक कंपनीचे संशोधन-अधिछात्र झाले. काम मुख्यतः न्यूनेन येथील घरीच, अभ्यासिकेत चाले. १९७४ साली त्यांनी स्वयंस्थिर प्रणालींवर एक छोटा निबंध लिहिला. अनेक यंत्रांची साखळी कोणत्याही बिघडलेल्या अवस्थेतून सुरू झाली, तरी केवळ शेजाऱ्यांकडे पाहून ती आपोआप योग्य अवस्थेत येऊ शकते, हे त्यात दाखवले होते. जवळजवळ दशकभर या निबंधाकडे दुर्लक्ष झाले. पुढे लॅम्पोर्ट यांनी त्याकडे लक्ष वेधल्यावर त्यातून संशोधनाची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. १९७८ साली लॅम्पोर्ट, स्कोल्टन आदींसह लिहिलेल्या निबंधात, प्रोग्रॅम चालू असतानाच दुसऱ्या प्रक्रियेने निरुपयोगी स्मृती गोळा करण्याची रीत दिली आहे. तिच्या आरंभीच्या मसुद्यात एक सूक्ष्म चूक राहून गेली होती. अविभाज्य क्रिया जितक्या लहान घ्याव्यात तितकी सिद्धता किती अवघड होते, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

१९८४ साली ते अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात अध्यासन-प्राध्यापक झाले आणि १९९९ मध्ये निवृत्त झाले.

लेखनपद्धती आणि स्वभाव

डाइक्स्ट्रा आपली टिपणे फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरात लिहीत, त्यांना ईडब्ल्यूडी या आद्याक्षरांसह क्रमांक देत आणि प्रती मोजक्या सहकाऱ्यांना पाठवत. ते पुन्हा प्रती काढून पुढे देत. अशा १३०० हून अधिक टिपणांचा संग्रह टेक्सास विद्यापीठाने सर्वांसाठी खुला केला आहे. संगणकशास्त्रात आयुष्य घालवूनही संगणकाचा प्रत्यक्ष वापर त्यांनी अत्यल्प केला. मोझार्टच्या संगीताची त्यांना आवड होती व ते स्वतः पियानो वाजवत.

त्यांची मते परखड होती आणि त्यांवर टीकाही झाली. गो टू आज्ञा काही ठिकाणी योग्यच असते, हे कनूथ यांनी १९७४ साली सविस्तर दाखवले. मोठ्या व्यावहारिक प्रोग्रॅमची संपूर्ण गणिती सिद्धता अशक्यप्राय आहे, असा आक्षेप अनेकांनी घेतला. डाइक्स्ट्रा यांनी हा आक्षेप अखेरपर्यंत मान्य केला नाही.

अविभाज्य क्रिया आणि मेमरी बॅरियर

डाइक्स्ट्रा यांनी मांडलेला प्रश्न पुढे प्रोसेसरच्या रचनेतच उतरला. १९६४ च्या आयबीएम सिस्टिम ३६० मध्ये स्मृतीतील खूण तपासून त्याच दमात ती लावणारी आज्ञा होती. सिस्टिम ३७० मध्ये तुलना-व-अदलाबदल ही आज्ञा आली. स्मृतीतील मूल्य अपेक्षेप्रमाणे असेल तरच ती नवे मूल्य लिहिते, नाहीतर तसे कळवते. आरक्षणाच्या उदाहरणात दुसऱ्या प्रक्रियेला १ ऐवजी शून्य आढळेल आणि तिचे लिहिणे नाकारले जाईल. अशा आज्ञेची ताकद केवळ वाचण्या-लिहिण्याहून मूलतः अधिक आहे, हे मॉरिस हर्लिही यांनी १९९१ साली सिद्ध केले.

आधुनिक प्रोसेसरमध्ये मात्र क्रिया अविभाज्य असणे पुरेसे ठरत नाही. वेग वाढवण्यासाठी प्रत्येक प्रोसेसर आपले लेखन आधी स्वतःच्या छोट्या साठ्यात ठेवतो आणि नंतर मुख्य स्मृतीकडे पाठवतो. कंपायलरही आज्ञांचा क्रम बदलतो. डेकर यांची रीत जशीच्या तशी आजच्या यंत्रावर चालवली, तर दोन्ही प्रोसेसर आपापला ध्वज उभारतात, पण तो अजून साठ्यातच असतो. प्रत्येकाला दुसऱ्याचा ध्वज खाली दिसतो आणि दोघेही आत शिरतात. सावर्डेच्या उदाहरणात सांगायचे, तर गाडी सोडल्याची नोंद वहीत झाली, पण निरोप शेजारच्या स्थानकावर पोचण्याआधीच तेथूनही गाडी सुटली, असे हे घडते.

हा धोका टाळण्यासाठी ध्वज उभारणे आणि दुसऱ्याचा ध्वज पाहणे यांच्या मध्ये मेमरी बॅरियर ही आज्ञा घालावी लागते. आधीचे लेखन सर्वांना दिसू लागल्याखेरीज पुढचे वाचन करायचे नाही, असे ती प्रोसेसरला बजावते. दुसऱ्या प्रकारचे बॅरियर केवळ एकाच दिशेने बंधन घालतात. कुलूप घेतल्यानंतरची कामे कुलपाच्या आधी सरकू नयेत आणि कुलूप सोडण्याआधीची कामे त्यानंतर ढकलली जाऊ नयेत, एवढेच ते पाहतात. डाइक्स्ट्रा यांच्या १९६५ च्या निबंधात सर्व प्रक्रियांना स्मृतीतील घटना एकाच क्रमाने दिसतात असे अध्याहृत होते. लॅम्पोर्ट यांनी १९७९ साली या गृहीतकाची स्पष्ट व्याख्या केली. २०११ सालच्या सी आणि सी++ भाषांच्या प्रमाणांत अविभाज्य चले व त्यांच्या क्रमाचे नियम समाविष्ट झाले.

हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक नाही. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाला आणि काहींचा मृत्यू झाला. त्यामागे रेस कंडिशन हेही एक कारण होते. चालकाने माहिती झपाट्याने बदलली तरच ती प्रकट होई. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, त्या वेळी धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली अशाच दोषाने बंद पडली होती. क्वचित घडणारी आणि पुन्हा न सापडणारी चूक ही एक्स-१ च्या वेळी डाइक्स्ट्रा यांना वाटलेली भीती दोन्ही घटनांत खरी ठरली.

पुरस्कार आणि सन्मान

डाइक्स्ट्रा यांना १९७२ सालच्या ट्युरिंग पुरस्काराखेरीज १९७४ साली हॅरी गूड स्मृति पुरस्कार मिळाला. ते नेदरलँड्सच्या शाही विज्ञान अकादमीचे सदस्य होते. स्वयंस्थिर प्रणालींवरील निबंधासाठी २००२ साली वितरित संगणनाच्या परिषदेने त्यांना प्रभावी निबंधाचा पुरस्कार दिला. पुढच्या वर्षापासून हा वार्षिक पुरस्कार डाइक्स्ट्रा पारितोषिक या नावाने दिला जातो.

निधन

कर्करोगाचे निदान झाल्यावर २००२ च्या प्रारंभी डाइक्स्ट्रा पत्नीसह न्यूनेन येथील आपल्या घरी परतले. तेथेच ६ ऑगस्ट २००२ रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.